दोन थांब्यांमधली डुलकी

११ जुलै, सोमवार

इंग्रजीच्या नव्या पुस्तकात यंदा एक धडा आला आहे. माहिती कुठून आली ते कसं तपासायचं आणि भाषा आपल्याला कुठे ओढून नेते आहे ते कसं ओळखायचं. इतकी वर्षं मी पोरांना चोरांच्या आणि राजपुत्रांच्या गोष्टी शिकवल्या, आणि कोणी “मॅडम, हे खरं का?” असं विचारलं की त्याला खाली बसवलं. आता विचारलं नाही तर गुण कापायचे. मला आवडलं. या इमारतीत कोणीतरी कोणालातरी “तुला कसं कळलं?” असं विचारायला हवंच होतं.

बस आज पुन्हा घंटेनंतर पोहोचली. शाळेच्या बसने येणाऱ्या शिक्षिका आम्ही दोघीच, मी आणि भूमिती. ती गणित शिकवते आणि कोणत्याही भांडणात दोन्ही बाजू समान धरते, म्हणून हे नाव. धापा टाकत स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळे चहाचे कप धरून माझ्याकडे बघत होते. चहाबरोबर बिस्किट लागतं तसं यांना रोज माझ्याकडून एक वाक्य लागतं. मी म्हटलं, आमचा कप्तान इतका सावकाश चालवतो की दोन थांब्यांच्या मध्ये एक डुलकी काढून उठतो, तरी बस तिथल्या तिथेच. भूमितीच्या नाकातून चहा आला. कप्तान म्हणजे आमचा बसचालक. डोक्यावर कायम निळी टोपी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या आणि खोली एकदम अभ्यासू झाली. त्यांना आम्ही पाठीमागे परिपत्रकबाई म्हणतो. त्या गेल्यावर मी म्हटलं, या स्वप्नंसुद्धा जावक क्रमांक टाकून बघत असतील. दिवस बरा गेला.

१४ जुलै, गुरुवार

नववीला धडा सुरू केला. फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? सांगून त्याला काय मिळतं? आणि यातला कुठला शब्द मला मागून ढकलतोय?

उदाहरण टूथपेस्टच्या जाहिरातीचं घेतलं. दहापैकी नऊ दंतवैद्य हीच वापरा म्हणतात. मी म्हटलं, दहावा माझ्या घरी आहे, आणि त्याला आजवर कोणी विचारलेलंच नाही. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, ते दहावे आहेत हे तुम्हाला कसं कळलं? उरलेले नऊ कोण, ते तरी माहीत आहे का?”

हिला मी मनातल्या मनात शंकासूर म्हणते. अशी एक मुलगी वर्गात असली की धडा पुढे जातो आणि शिक्षिकेचा जीव जातो. मी तिला शाबासकी दिली. दिली म्हणजे द्यावी लागली.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, मी वापरतो की तीच पेस्ट.

२१ जुलै, गुरुवार

संताप संताप झाला आहे. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

सकाळी थांब्यावर कप्तानाची बस आलीच नाही. आली एक भाड्याची, नवी कोरी, काळ्या काचांची, आणि सुकाणूवर एक पोरगेलासा गडी, कानात तार घातलेला. कप्तान कुठे, तर म्हणे सक्तीच्या रजेवर. का, तर पालकांच्या ग्रुपवर काल एक निरोप फिरला. इंग्रजीत होता, मी इथे मराठीत उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी असं काही नव्हतंच म्हणायला नको:

“अत्यंत दुःखाने कळवावे लागते की शाळेच्या बसचा चालक बस चालवत असताना गाढ झोपलेला आढळला आहे. आपली निष्पाप लेकरे रोज मृत्यूच्या दाढेतून प्रवास करत आहेत. ही ऐकीव माहिती नव्हे. त्याच बसने येणाऱ्या एका वरिष्ठ शिक्षिकेने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पालकांनो, जागे व्हा. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.”

गाढ झोपलेला. मी त्या माणसाच्या मागच्याच बाकावर बसते. त्याची मान मी माझ्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा जास्त पाहिली असेल. ती कधी कलंडलेली पाहिली नाही.

पहिल्याच तासाआधी परिपत्रकबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, मी रोज त्याच बसने येते, असं काही झालेलं नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की मी मागे बसते, तिथून चालकाचे डोळे दिसत नाहीत, त्यामुळे माझं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. मग ज्या शिक्षिकेने पाहिलं तिला काय आरशात दिसलं? तर ती साक्ष प्रत्यक्षदर्शी आहे. ती शिक्षिका कोण? ते गोपनीय आहे. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? त्यावर त्यांनी घंटी वाजवून शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

चौकशी समिती बसणार आहे. तोपर्यंत कप्तान घरी. समितीने दोषी ठरवला तर नोकरी गेली, आणि असा शिक्का बसलेल्या चालकाला दुसरीकडे कोण उभं करणार? एका माणसाच्या पोटावर पाय पडतो आहे, आणि पाय कोणाचा ते कोणी बघायला तयार नाही.

एक वरिष्ठ शिक्षिका. वा. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येतं, स्वतःच्या नावाने बोलायला येत नाही.

२२ जुलै, शुक्रवार

पुस्तकातला उतारा बाजूला ठेवला आणि हाच निरोप नववीला दिला. नियमात बसतं की नाही ते बघितलं नाही.

पोरांनी त्याचा पार चोथा केला. “आढळला आहे”, कोणाला आढळला? “निष्पाप” कशाला, दोषी लेकरं असती तर झोप चालली असती का? मागच्या बाकावरचा एक म्हणाला की “ऐकीव माहिती नव्हे” असं जिथे मुद्दाम लिहिलेलं असतं तिथे ती ऐकीवच असते, कारण खरं पाहिलेला माणूस असं लिहीत नाही, काय पाहिलं ते लिहितो. कोणता वार, कुठलं वळण, काहीच नाही. मला त्या मुलाला उचलून घ्यावंसं वाटलं, पण तो माझ्यापेक्षा उंच आहे.

शंकासुराने विचारलं, “पण मॅडम, भाषा वाईट आहे म्हणजे गोष्ट खोटी असं होतं का?”

नाही होत. ते खरं आहे. म्हणून मग ठरलं की उगमाकडे जायचं. प्रत्येकाने घरी विचारायचं: हा निरोप तुम्हाला कोणाकडून आला, आणि नेमक्या काय शब्दांत? मग त्या माणसाला तेच विचारायचं. असं मागे मागे जात राहायचं. मी म्हटलं, कोणाचीही भीडभाड ठेवायची नाही. वाक्य कुठेही जाऊन पोहोचू दे.

२६ जुलै, मंगळवार

बसने येणाऱ्या शिक्षिका दोन. त्यातली एक मी. उरली कोण, हे काढायला गणिताची पदवी लागत नाही.

आज मधल्या सुट्टीत भूमितीला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं, तूच ना ती वरिष्ठ शिक्षिका? तिचा चेहरा पडला. म्हणाली, “मी त्याला झोपलेला पाहिलं असं मी कोणालाही सांगितलेलं नाही.” मी म्हटलं, मग काय सांगितलंस? तर म्हणे, “जाऊ दे ना गं. कशाला मुळापर्यंत जातेस? समिती बघेल काय ते.” आणि खांद्यावर हात ठेवायला लागली. मी तो काढला.

मुळापर्यंत जाऊ नको. अपराधी माणूस दुसरं काय म्हणणार? चार वाजता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला तिने. मी प्यायले नाही. तिच्याकडे बघत बघत गार होऊ दिला.

घरी आल्यावर नवऱ्याला तो निरोप पुन्हा वाचून दाखवला, यावेळी मराठीत, हातवारे करून. तो गोंधळल्यासारखा झाला. म्हणाला, “अगं, हे मला आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. तूच नाही का त्या दिवशी...”

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, वाटतंय हा पुरावा नव्हे. कधी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, सांगता येत असेल तर बोल. त्याने तोंड मिटलं. दंतवैद्य आहे, समोरच्याचं तोंड सताड उघडं असताना आपण बोलायचं नसतं हे त्याला धंद्याने शिकवलं आहे.

२९ जुलै, शुक्रवार

पोरांनी मागच्या भिंतीवर भलामोठा कागद लावला आहे. सगळ्यात वर तो गाढ झोपेचा निरोप, आणि खाली खाली त्याच्या जुन्या आवृत्त्या. एकेक वाचताना अंगाचा तिळपापड होतो.

गाढ झोपेच्या आधीचा निरोप म्हणतो, चालकाला “वारंवार झोप लागते”. त्याच्या आधी, त्याला “वळणावर डुलकी लागली, थोडक्यात वाचलो”. कोण वाचलं, देव जाणे. त्याच्या आधी इंग्रजी संपतं आणि मराठी सुरू होते. तिथे “ड्रायव्हर म्हणे मधेमधे डुलक्या काढतो, एका बाईंनी सांगितलं.” पुढे त्याच बाई शिक्षिका झाल्या, मग वरिष्ठ झाल्या, मग त्यांना पाहणारे डोळेही मिळाले. शाळेत इतक्या झटपट बढती कोणाला मिळाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सगळ्यात खाली एक अर्धवट ओळ आहे. कोणाच्या तरी आईने आठवून सांगितलेली: “...आणि बस म्हणे जागची हलतच नाही.”

शंकासूर त्या कागदापुढे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “मॅडम, एक गंमत आहे. जितकं मागे जावं तितकं ते हसायला येत जातं.”

मी म्हटलं, यात गंमत काही नाही. पण ती म्हणते ते खरंच होतं, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, म्हणजे हे सुरू करणारा माणूस भोळा नाही, घाबरट नाही, तर चांगला आचरट आहे. चार टाळक्यांना हसवायचं म्हणून एखाद्याच्या नोकरीवर उठणारा. अशा माणसांची मला मनस्वी चीड आहे. आपण काय बोलतो, त्याचं पुढे काय होतं, याची यांना फिकीर नसते. समोरचा हसला की यांचा दिवस बरा गेला.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमटी छान झाली आहे म्हणाला. आमटी नव्हतीच.

१ ऑगस्ट, सोमवार

नवी बस घंटेच्या आधी पोहोचते. पालक खूश. ग्रुपवर परिपत्रकबाईंना अंगठे आणि फुलं. आज या गड्याने चौकात असा करकचून ब्रेक मारला की भूमितीचा चष्मा पुढच्या बाकावर जाऊन फुटला. कोणीही कोणाला निरोप पाठवला नाही. हा गडी जागा असतो ना, मग झालं.

भूमितीशी मी बोलत नाही. तरी तिची एक काच उचलून दिली.

३ ऑगस्ट, बुधवार

काय झालं ते क्रमाने लिहिते.

शंकासूर तासाच्या आधी दारात येऊन उभी राहिली. हातात घडी केलेला कागद. म्हणाली की शेवटची ओळ सापडली. मग जरा थांबून विचारलं, “मॅडम, वर्गात वाचू की आधी तुम्हाला एकटीला दाखवू?”

मी काय म्हणावं? मी म्हटलं, वर्गात वाच. पुराव्याला कसली लाज?

तिने वाचलं. पाचवीतल्या एका मुलाच्या आईने अकरा जुलैला आपल्या मैत्रिणींना पाठवलेला निरोप. ही आई म्हणजे भूमितीची सख्खी बहीण. निरोप असा: “ताईने आज सांगितलं, तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई म्हणतात, आमचा कप्तान इतका सावकाश चालवतो की दोन थांब्यांच्या मध्ये एक डुलकी काढून उठतो, तरी बस तिथल्या तिथेच.” आणि पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे.

वर्ग खो खो हसला. मग पुढच्या बाकापासून ते हसू विझत मागे गेलं. मागचा उंच मुलगा सगळ्यात शेवटी थांबला.

शंकासूर खाली बसली नव्हती. म्हणाली, “भाषेचं विश्लेषण पण केलंय, मॅडम. राहू दे का?”

मी म्हटलं, कर.

तिने कागदावरून नजर न काढता वाचलं. पुढच्या कुठल्याच निरोपात कप्तान हा शब्द नाही, तो फक्त बसमधले लोक वापरतात. हे वाक्य माहिती द्यायला केलेलं नाही, हसवायला केलेलं आहे. बोलणाऱ्याने काही पाहिल्याचा दावा केलेला नाही. मूळ तक्रार, असलीच तर, सावकाश चालवण्याची आहे. हसणारे चेहरे तिसऱ्या माणसाने पुढे पाठवताना गाळले, आणि तिथून पुढे ते खरं वाटायला लागलं. सगळ्यात शेवटी एक ओळ होती, ती तिने जरा हळू वाचली: “आमच्या शाळेत अशी वाक्यं एकच व्यक्ती करते.”

चारही प्रश्नांची उत्तरं बरोबर. मी पैकीच्या पैकी गुण दिले. घंटा व्हायची होती. मी त्यांना शब्दार्थ लिहायला दिले. कुठल्या पानावरचे ते आता आठवत नाही.

४ ऑगस्ट, गुरुवार

हसणारे चेहरे कोणी गाळले? तो माणूस कोण? मला त्याचं नाव हवं आहे. मी बोलले ते उघड उघड विनोदाने बोलले. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माणूस झोपून उठला आणि बस तिथेच, असं खरोखर होऊ शकतं का? लोकांना वाचता येत नाही, हा माझा दोष? भूमितीला बहिणीला सांगितल्याशिवाय करमत नाही, हा माझा दोष?

नवऱ्यापुढे हे सगळं बोलून झालं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “आता कप्तानाचं काय?”



६ ऑगस्ट, शनिवार

कप्तानाच्या घरी गेले. दोन खोल्या, गॅलरीत कुंड्या. तो स्टुलाचा पाय ठोकत बसला होता. टोपीशिवाय मी त्याला प्रथमच पाहिला, क्षणभर ओळखलाच नाही. त्याच्या बायकोने खुर्ची पुसली आणि म्हणाली, “तुम्हीच का त्या इंग्रजीच्या मॅडम? हे घरी आले की सांगायचे, आज मॅडम असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसायचो.”

तिने दिलेला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

मी सांगायला सुरुवात केली तसं कप्तानाने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, “मला माहीत आहे, मॅडम. तुमचं ते डुलकीचं वाक्य बसमधल्या पोरांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. मी पण हसलो होतो.”

मग समितीला का सांगितलं नाहीत? त्याने शांतपणे विचारलं, “काय सांगू? ज्या मॅडमनी बघितलं म्हणतात, त्यांनी बघितलं नाही, नुसतं म्हटलं, असं? आणि काय म्हटलं, तर मी झोपतो असंच म्हटलं ना?”

बायको आतून चहा घेऊन आली. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की तुम्ही इतकं सावकाश का चालवता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तो म्हणाला, “मी कुठे सावकाश चालवतो? बस जुनी आहे, मॅडम. या वेगाच्या वर जातच नाही ती. इंजिनाचं काम करा म्हणून चारदा अर्ज दिलेत मी ऑफिसात.”

त्याला कसं कळलं, हा माझ्या फळ्यावरचा दुसरा प्रश्न. तो सावकाश चालवतो हे मला कसं कळलं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

चहा प्यायले. साखर जास्त होती, पाहुण्यांसाठी असते तशी.

९ ऑगस्ट, मंगळवार

समितीत तिघं. संस्थेचे एक विश्वस्त, ज्यांना ऐकू कमी येतं आणि मत लवकर होतं. पालकांचे एक प्रतिनिधी. आणि परिपत्रकबाई. भूमिती बाहेरच्या बाकावर, तुटका चष्मा घालून, माझ्यासाठी थांबली होती. मी बोलावलं नव्हतं.

मी आत जाऊन सांगितलं की ती वरिष्ठ शिक्षिका मी. मी काहीही पाहिलेलं नाही. मी विनोद केला होता. पोरांनी केलेला सगळा कागद, वरून खाली, त्यांच्यापुढे पसरला.

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. प्रतिनिधींनी विचारलं, “म्हणजे चालक झोपत नव्हता?”

नाही.

“मग झोपतो असं का म्हणालात?”

तो सावकाश चालवतो हे सांगायला.

“मग सावकाश चालवतो असंच का नाही म्हणालात?”

एवढी वर्षं भाषा शिकवते आहे. अतिशयोक्ती म्हणजे काय ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण तसं म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं, हे समितीपुढे कसं सांगणार? शेवटी तेच सांगितलं. परिपत्रकबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरा हलला. त्यांना जावक क्रमांकाचं वाक्यही पोहोचलेलं असणार. या शाळेत सगळं पोहोचतं.

मग मी म्हटलं, सावकाश तो चालवत नाही, बस जुनी आहे, इंजिनाचे चार अर्ज तुमच्या कपाटात आहेत. विश्वस्त म्हणाले, काय म्हणतात त्या? परिपत्रकबाई म्हणाल्या, विषयाबाहेरचं आहे.

बाहेर आले. भूमिती उठून उभी राहिली. म्हणाली, “माझंच तोंड फाटकं.” मी म्हटलं, तुझं तोंड फाटकं, पण कापड माझं. मग आम्ही दोघी भाड्याच्या बसने घरी गेलो, पुढच्या दांड्याला घट्ट धरून.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

समितीचा अहवाल सूचनाफलकावर. शब्दशः उतरवते, पुढच्या वर्षी नववीला उताऱ्यासाठी कामाला येईल:

“संबंधित वरिष्ठ शिक्षिकेने आपली मूळ साक्ष मागे घेतली. त्यामागील कारणे स्पष्ट होऊ शकली नाहीत. साक्षीअभावी चालकास संशयाचा फायदा देऊन, सक्त ताकीद देऊन, कामावर घेण्यात येत आहे. तथापि, बालकांच्या सुरक्षेचा विचार करता, यापुढे सदर शिक्षिकेने चालकाशेजारी बसून चालक संपूर्ण प्रवासात जागा असल्याची रोज लेखी नोंद द्यावी.”

मागे घेतली. जी दिलीच नव्हती ती साक्ष मी मागे घेतली. सक्त ताकीद कशाबद्दल, न झोपल्याबद्दल? आणि ज्याने काही केलं नाही त्याच्यावर पहारा कोणाचा, तर जिने काही पाहिलं नाही तिचा. आणि त्या चार अर्जांबद्दल एक अक्षर नाही.

परिपत्रकबाईंकडे जाऊन भांडले. त्या म्हणाल्या, “माणूस कामावर परत आला ना? अजून काय हवं?” आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही बाई मला वाटते तितकी सरळ नाही. कप्तानाला परत घ्यायला आणि भाड्याची बस बंद करायला विश्वस्तांना काहीतरी कडक वाचायला द्यावं लागलं असणार. हा माझा तर्क. पुरावा नाही. तसं लिहून ठेवते.

तरी अहवालाची ती भाषा मी कधीच माफ करणार नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

कप्तान आला. निळी टोपी, जुनी बस. थांब्यावरच्या पोरांनी असा काही गलका केला की समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. शंकासूरही याच बसने येते, पण ती ओरडली नाही. तिने चढताना बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

मी पुढे, त्याच्या शेजारी, मांडीवर नोंदीचा कागद घेऊन. इथून सगळं दिसतं: त्याचे डोळे, आरसा, समोरचा रस्ता. वळणाच्या चढावर त्याने पाय पार तळापर्यंत दाबलेला मी पाहिला. बस कण्हली आणि होती त्याच वेगाने जात राहिली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

 मला माफी मागायची होती. त्या दिवशी त्याच्या घरी ती तशी मागितली गेलीच नव्हती. मी घसा साफ केला.

कप्तानाने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, “मॅडम, तुम्ही तेवढं झोपू नका म्हणजे झालं. नाहीतर तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणाला बसवतील?”

मला इतकं जोरात हसू आलं की पेन खाली पडलं. उचलायला वाकले, आणि वाकल्या वाकल्या मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

घंटेनंतर पोहोचलो. स्टाफरूममध्ये सगळे कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. भूमितीही. नवा चष्मा तिला शोभतो.

मी म्हटलं, बस उशिरा आली.

ते अजून थांबले होते. मी कप उचलला आणि खिडकीकडे जाऊन प्यायले. नोंदीच्या कागदावर लिहिलं: चालक जागा होता. मी स्वतः पाहिलं. खाली पूर्ण नाव, सही.